पद्मिनीत 118 एनईचे इंजिन बसवताना चेंबर, जाळी आणि ऑइल फिल्टर कसे जुळवावेत?

पद्मिनी_पुणे (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 1980 च्या दशकातील प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या मूळ 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि वर्षभर शोधूनही दुसरा धड ब्लॉक मिळाला नाही, म्हणून मी भंगारात निघालेल्या 118 एनईचे 1171 सीसीचे निस्सान ए-12 इंजिन घेतले. दोन्ही गाड्या प्रीमियरच्याच असल्या तरी 118 एनईची बॉडी फियाट 124 ची आणि पद्मिनीची फियाट 1100 ची असल्यामुळे इंजिनाखालची जागा दोहोंत सारखी नाही, हे माउंटिंग तयार झाल्यावर लक्षात आले.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, खोल भाग माझ्या गाडीत पुढच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) टेकत होता. मेकॅनिकने तो तळाकडून सुमारे तीन सेंटिमीटर कापून नवा पत्रा वेल्ड केला. आता चेंबर टेकत नाही, पण पंपासाठी तेल ओढून घेणाऱ्या आतल्या जाळीचे काय करायचे, यावर त्याचे उत्तर "बसेल" एवढेच आहे. दुसरी अडचण अशी की ए-12 चा ऑइल पंप ब्लॉकच्या उजव्या बाजूला बाहेरून बसतो आणि फिल्टर त्याच पंपावर फिरवून लावायचा असतो. आपल्याकडे स्टिअरिंग बॉक्सही उजवीकडेच असल्याने फिल्टरचा डबा आणि स्टिअरिंगचा आर्म यांच्यात पूर्ण वळणावर जेमतेम कागद सरकेल इतकीच फट राहते. शिवाय मला तेलाच्या दिव्याबरोबर प्रेशरचे मीटरही लावायचे आहे. इंजिन अजून सुरू केलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लेथ_आणि_लोखंड

इंजिन सुरू केले नाही, हे फार चांगले झाले. चेंबर तीन सेंटिमीटर उथळ झाला आणि जाळी जुन्याच उंचीवर राहिली, तर ती नव्या तळाला टेकेल किंवा तळाच्या इतकी जवळ येईल की पंपाला तेल ओढताच येणार नाही. जाळीचे तोंड आणि तळ यांच्यात साधारण 6 ते 10 मिलिमीटर अंतर हवे. त्याहून कमी असेल तर ओढ गुदमरते. फार जास्त असेल तर तेल थोडे कमी झाले किंवा ब्रेकने पुढे सरकले की जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. हे अंतर डोळ्यांनी ठरवू नये. मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा जाळीच्या तोंडावर लावावा, चेंबर नव्या पॅकिंगसह बोल्ट आवळून बसवावा, पुन्हा उतरवावा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी.

जाळीचा पाइप छोटा करताना एक गोष्ट विसरू नका. ए-12 मध्ये जाळी खालून ब्लॉकला बोल्टने बसते आणि तेल ब्लॉकमधल्या वाटेने पंपाकडे जाते, म्हणजे जाळीच्या फ्लँजचे (बोल्ट लागणाऱ्या सपाट कडेचे) पॅकिंग आणि पंपाच्या तोंडाचे पॅकिंग हे दोन्ही सांधे ओढीच्या बाजूला आहेत. दाबाच्या बाजूचा सांधा गळला तर तेल बाहेर दिसते आणि माणूस सावध होतो. ओढीच्या बाजूचा सांधा गळला तर बाहेर काहीच दिसत नाही, हवा आत जाते, मीटरचा काटा थरथरतो, आणि कारण कळेपर्यंत बेअरिंगचे शेल खाल्लेले असतात. म्हणून पाइप कापून जोडलाच, तर जोड पितळेच्या ब्रेझिंगने सर्व बाजूंनी भरून घ्या, वेल्डिंगचा एकही कण आत राहू देऊ नका, आणि दोन्ही पॅकिंग नवी घाला.

चेंबरचे वेल्डिंगही तपासायला हवे. आतून रॉकेल ओता, बाहेरून जोडावर खडूची पूड फासा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खडूवर डाग दिसला तर तिथे पिनहोल आहे. फ्लँज जाड काचेवर पालथा ठेवून बघा, कारण गॅस वेल्डिंगने पत्रा हमखास वाकतो आणि मग लोक तो दोष सिलिकॉनच्या थराखाली झाकतात. त्या सिलिकॉनचे आतल्या बाजूला फुगलेले तुकडे तुटून शेवटी जाळीतच जाऊन बसतात.

राहिला प्रश्न कमी झालेल्या तेलाचा. तळ वर आला तेवढी जागा चेंबरच्या बाजूंना रुंदी देऊन परत मिळवता येते. न कापलेला जुना चेंबर मिळवा, तो सपाट ठेवून त्यात ठरलेले तेल ओता आणि फ्लँजपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. नव्या चेंबरमध्ये पातळी त्याहून वर येता कामा नये, अन्यथा फिरता क्रँक तेल घुसळून फेस करेल आणि फेस दाब धरत नाही. मग डिपस्टिकवर नव्या खुणा स्वतः कोरा. जुन्या खुणांवर विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे.

घाटातला_फियाटवाला

चेंबरबाबत वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, फिल्टरविषयी लिहितो. पहिली सूचना अशी की फिल्टर दूर नेण्याआधी बुटका फिल्टर लावून पाहा. अशा अनेक फिल्टरांचे आटे पाऊण इंच, इंचाला 16 असे असतात, त्यामुळे त्याच आट्यांचा कमी उंचीचा डबा दुकानात मिळू शकतो. मात्र रबरी सीलचा व्यास आणि आतला बायपास वाल्व्ह (फिल्टर तुंबल्यास तेलाला वाट देणारी झडप) पूर्वीच्या फिल्टरसारखाच आहे, याची खात्री करा. एक सेंटिमीटर जागा मिळाली तर पुढचा सारा खटाटोप वाचेल, आणि जितके सांधे कमी तितकी गळती कमी. पण रबरी माउंटिंगवर इंजिन हलते, त्यामुळे उभ्या गाडीत मोजलेल्या फटीवर विसंबू नका. एका माणसाने इंजिन लाकडाने रेटून धरावे आणि दुसऱ्याने दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवावे.

जागा मिळालीच नाही, तर पंपावर अडॅप्टर प्लेट लावून फिल्टर बाजूच्या पॅनलवर न्यावा लागेल. इथे सर्वांत जास्त चुका दिशेच्या होतात. फिरवून लावायच्या फिल्टरमध्ये पंपाकडून येणारे तेल बाहेरच्या कड्यावरील भोकांतून आत जाते आणि गाळलेले तेल मधल्या आटेदार नळीतून इंजिनाकडे परतते. अडॅप्टरवरही बाहेरच्या कड्याला जोडलेले तोंड म्हणजे फिल्टरकडे जाणारी वाट आणि मध्याला जोडलेले तोंड म्हणजे परतीची वाट. दोन होज उलटे जोडले, तर तेल उलटे वाहू नये म्हणून फिल्टरमध्ये असलेली रबरी झडप तोंड बंद करते आणि इंजिन कोरडे चालते. म्हणून होजवर रंगाची खूण करा.

होज पेट्रोलचा नको, तारेच्या जाळीचा हायड्रॉलिक होज हवा. आतला व्यास अर्ध्या इंचाहून कमी नसावा, आणि टोके हायड्रॉलिकच्या दुकानात मशीनवर दाबून घ्यावीत. क्लिप लावून भागवू नये. अरुंद भोकाचे बँजो बोल्ट (ज्यांच्या पोकळ अंगातून तेल जाते असे बोल्ट) टाळा, कारण होज रुंद घेऊन तोंडाशी वाट चिंचोळी केली तर सगळे व्यर्थ आहे. साठ सेंटिमीटरचे दोन होज घेतले तर त्यांत सुमारे 150 मिलिलिटर तेल जास्त मावेल. डबा तोंड वर ठेवून लटकवावा, म्हणजे गाडी उभी असताना तो रिकामा होत नाही.

काही जण आता ऑइल कूलर लावण्याचाही सल्ला देतील. घरगुती वापराच्या ए-12 ला त्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत आणि छोट्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापले नाही तर त्यातला ओलावा उडत नाही.

तारा_आणि_मीटर

मीटरबद्दल थोडे लिहितो. जपानी इंजिनांवर प्रेशर स्विचचे आटे बहुधा ब्रिटिश पद्धतीचे निमुळते एक अष्टमांश इंची, इंचाला 28 असतात, तर बाजारातील बरेच सेंडर (दाब मोजून मीटरला कळवणारे भाग) अमेरिकन पद्धतीचे, इंचाला 27 आट्यांचे असतात. पहिले दोन-तीन फेरे हाताने सहज जातात, म्हणून फसगत होते. पुढे पाना लावला की ब्लॉकचे आटे जातात किंवा तिथून तेल झिरपत राहते. आटे मोजायचा गेज लावून मगच घ्या.

जुना दिव्याचा स्विच काढू नका, टी लावून दोन्ही ठेवा. पण जड सेंडर पितळी टीवर थेट ब्लॉकला लटकवला तर कंपनाने टीची मान तुटते आणि सगळे तेल रस्त्यावर जाते. छोट्या होजने तो बॉडीवर न्या आणि त्याच्या अंगापासून अर्थची वेगळी वायर ओढा. टेफ्लॉन टेप वापरू नका; तिचे धागे तेलाच्या वाटेत जातात. सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे असावेत, कारण त्यांचे ओहम जुळले नाहीत तर काटा खोटे बोलतो.

पद्मिनी_पुणे

सर्वांचे आभार. मातीच्या गोळ्याची जाडी अवघी दोन मिलिमीटर निघाली, तीही एका बाजूला. पाइप छोटा करून घेतला, आता अंतर आठ मिलिमीटर आहे. खडूवर दोन डाग दिसले, ते पुन्हा भरले. बुटक्या फिल्टरने स्टिअरिंगची अडचण सुटली, त्यामुळे होजचा विषयच उरला नाही. पंपात पेट्रोलियम जेली भरली, प्लग काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला, आणि चौथ्या वेळी काटा उठला. गरम इंजिनावर 20W-40 तेलात गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना दीड आणि रस्त्यावर चार किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास दाब दिसतो. मात्र जोरात ब्रेक लावला की काटा क्षणभर खाली येतो आणि लगेच सावरतो.

लेथ_आणि_लोखंड

उथळ आणि रुंद चेंबरमध्ये तेल पुढे धावते, त्याचे हे लक्षण आहे. आधी सपाट जागेवर पातळी बघा. ती वरच्या खुणेवर असूनही काटा पडत असेल, तर चेंबर पुन्हा उतरवावा लागेल. जाळीच्या पुढे, तळापासून चेंबरच्या अर्ध्या उंचीपर्यंत एक आडवा पत्रा लावा आणि त्याच्या खालच्या कडेला दोन बोटे रुंद अशी दोन भोके ठेवा, म्हणजे तेल मागे सावकाश येत राहील पण पुढे एकदम पळणार नाही. पत्रा जाळीपासून आणि क्रँकच्या फेऱ्यापासून मोकळा आहे, हे पुन्हा मातीनेच तपासा. तोवर गाडी घाटात नेऊ नका.