ब्रेटेन (जर्मनी) गावाला रेल्वे आहे का? लेक एकटी जाणार आहे

दारव्ह्याकडचा कास्तकार
रामराम मंडळी. धाकट्या लेकीचं नर्सिंगच्या शिक्षणासाठी जर्मनीत ब्रेटेनला जमलं. कार्ल्सरूहेपर्यंत सोबतीच्या पोरी आहेत, पुढं ती एकटी. आमच्याकडं शकुंतला रेल्वे बंद पडली अन् लाडखेडच्या रुळांवर गवत माजलं, म्हणून धाकधूक वाटते. तिथं गाडी जाते का? अन् त्या गावात कोणी नावाजलेला माणूस झाला का? माय रोज विचारते, पोरगी कोणाच्या गावाला चालली.

परतवाड्याचा, मुक्काम कार्ल्सरूहे
काका, गाडीची फिकीरच सोडा. शकुंतलेचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. मूर्तिजापूरला माणसानं गाठोडं घेऊन उतरायचं, कापसाच्या गाठीही मोठ्या गाडीत पुन्हा भरायच्या. इथं ट्रामचा अन् रेल्वेचा रूळ एकाच मापाचा, १४३५ मिलिमीटर. अडचण विजेची होती: ट्रामला ७५० व्होल्ट डीसी, रेल्वेला १५,००० व्होल्ट एसी. दोन्हीवर चालणारी गाडी बनवली अन् सप्टेंबर १९९२ मध्ये ती पहिल्यांदा धावली ती ब्रेटेनलाच. वीज बदलते तिथं थोड्या अंतरात तारेत करंटच नसतो, गाडी आपल्या वेगानं पुढं सरकते. लेकीला सांगून ठेवा, घाबरायची नाही.

आधी ब्रेटेनचे लोक कार्ल्सरूहेच्या मोठ्या स्टेशनात उतरून ट्राम धरायचे, कारण १९१३ पासून ते स्टेशन बाजारापासून लांब आहे. आता एस-४ नावाच्या या गाडीत बसलं की थेट. तीच गाडी पुढं हाइलब्रॉनला जाते, तिथंही २००१ पासून भर रस्त्यात शिरते. तिकीट मात्र चढायच्या आधी काढायचं.

निवृत्त मास्तर, कारंजा
नावाजलेला माणूस म्हणजे फिलिप मेलांख्तोन, जन्म १६ फेब्रुवारी १४९७. बाप चिलखतं घडवणारा. घराण्याचं आडनाव श्वार्त्सएर्ट, म्हणजे काळी माती! नात्यातल्या रॉयख्लिन नावाच्या पंडितानं त्याचं ग्रीक करून दिलं, मेलांख्तोन. एकविसाव्या वर्षी विटेनबर्गला ग्रीकचा प्राध्यापक झाला, तिथं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा सोबती. पण मला तो आवडतो शाळांसाठी. पाठ्यपुस्तकं लिहिली, शाळा कशा चालवाव्या ते गावोगावच्या लोकांना घालून दिलं. जर्मनीचा गुरुजी म्हणतात त्याला. त्याचं जन्मघर १६८९ च्या जाळपोळीत गेलं. त्याच जागी, बाजारचौकात, १९०३ पासून त्याचं स्मारक आहे. लेकीला पहिल्या सुट्टीत तिथं जायला सांगा.

दारव्ह्याकडचा कास्तकार
मास्तर, भाऊ, लई उपकार झाले. मायला सांगितलं, काळी माती आडनावाच्या गुरुजीच्या गावाला चालली तुही नात. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले तिचे. म्हणे, "मंग तठी पऱ्हाटी होते काय रे?"

परतवाड्याचा, मुक्काम कार्ल्सरूहे
कापूस नाही होत, आजी. थंडी फार. गहू होतो, बीट होतं, उतारावर द्राक्षं असतात. लेक निघाली की मला कळवा, मी स्टेशनवर येतो.