हॉरर गेमच्या संगीतात घुमट कसं बसवू?

प्रश्न (फोंडा): आम्ही तिघे मित्र छोटा हॉरर गेम करतोय. पावसाळ्यातलं जुनं बंद घर, अंगणात तुळशीवृंदावन. संगीत माझ्याकडे. काकांचं घुमट (गोव्यातलं मातीचं, एका तोंडाला चामडं लावलेलं तालवाद्य) आणि कौलांवरून ठिबकणारं पाणी रेकॉर्ड केलंय. पण दोन मिनिटांचा लूप चौथ्या फेरीला ओळखीचा होतो आणि भीती विरते. काय करू?

उत्तर (डिचोली): एकच लूप नको. ठिबक 37 सेकंदांची ठेव, खर्ज (खालचा सलग सूर) 53 चा, घुमट 71 चं. तिन्ही एकदम सोडलेस तर नेमकी तीच जुळणी परत यायला 38 तासांहून जास्त लागतील. आणि घुमटाचे बोल कळू देऊ नकोस! ते ऐकून आपल्याला चतुर्थीची आरती आठवते, घाबरणार कोण? उघड्या तोंडावर तळवा दाबत-सोडत एकच ठोका घे आणि दोन सप्तकं खाली उतरव.

उत्तर (मडगाव): शांततेलाही जागा दे. 1999 च्या 'सायलेंट हिल' या हॉरर गेममध्ये राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. अकिरा यामाओकांचं कारखान्यासारखं धातूचं संगीत त्यामुळेच जास्त बोचतं. 'रेसिडेंट ईव्हिल'मधल्या सेव्ह करायच्या खोलीतले मऊ सूर आठव. तिथं जीव भांड्यात पडतो, म्हणून दार उघडायला हात धजत नाही.

फोंडा: तळव्याचा ठोका आज घेतला. खाली उतरवल्यावर माडीवर कुणी चालतंय असं वाटतं, मला खूप आवडलं. तुळशीपाशी आता सगळं बंद, फक्त ठिबक.