लग्नाचा खर्च कोणाकडे किती? बोलणी करणाऱ्यांसाठी अनुभव लिहा

‘निम्मं-निम्मं करू’ एवढ्यावर बैठक उठते आणि खटका उडतो तो कार्यालयाच्या शेवटच्या बिलावर. कशाचं निम्मं, कसं मोजायचं, हे जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

हिशेबनीस, नौपाडा
सगळंच निम्मं करू नका. कार्यालयाचं भाडं, मंडप-सजावट, गुरुजी, फोटो हे सामाईक, ते निम्मं. जेवण मात्र ज्याची माणसं त्याच्याकडे. समजा 400 पानं, पान 700 रुपये, म्हणजे 2,80,000. मुलीकडची 240 आणि मुलाकडची 160 असतील तर 1,68,000 आणि 1,12,000. दीड लाखाच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,77,000, म्हणजे प्रत्येकी 88,500. कपडे, दागिने, मेकअप, पाहुण्यांची बस ज्याचं त्याने करावं. मंगळसूत्र मुलाकडून, ही रीत बहुतेक घरांत अजून आहे. नसेल पाळायची तर तेही बैठकीतच बोला.

अन्नपूर्णा, ऐरोली
केटरिंगकडून सांगते. आपण कबूल केलेली पानं कमी उठली तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात. म्हणून दोन्ही घरांनी आपापला आकडा चार-पाच दिवस आधी लेखी द्यावा. ताटं मोजायला दोन्हीकडचा एकेक माणूस उभा करा आणि जेवण संपताच त्या आकड्यावर दोघांची सही घ्या. जादा पानं कोणाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे ती ठरलेल्या प्रमाणातच वाटायची, हे आधी लिहून ठेवा. सकाळचा नाश्ता, फोटोग्राफर-बँडवाल्यांची जेवणं यादीत धरायची राहतात. सीमांतपूजन आदल्या रात्री असेल तर ते जेवण आणि खोल्यांचं भाडं वेगळं लागतं, तेही सामाईकात घालायचं का ते ठरवा.

कोपरखैरणेकर
आगरी-कोळी घरांत हळद हाच मोठा खर्च. मंडप, बँड, मटण, धवलारीण (लग्नात धवलगीतं गाणारी बाई), गावजेवण. ती ज्याच्या दारात त्याची. लग्नाच्या सामाईक वहीत ती आणलीत की हिशेब कधीच जुळणार नाही. आणि रात्री 10 नंतर स्पीकर बंद करायचा असतो, तेव्हा बँडशी तासांवर बोली करताना हे धरूनच करा.

कार्यालय बघणारे, वाशी
पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहा. तारीख बदलली किंवा रद्द झाली तर परतावा त्याच नावावर येतो, मग दुसऱ्या घराचे पैसे अडकतात. बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणल्यास कार्यालय वेगळे पैसे घेतं का, जनरेटर आणि वीज भाड्यात आहे का, अनामतीतून काय कापणार, हे बुकिंगआधी विचारा. एका समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दोन्ही घरांनी आपापल्या खात्यातून भरलं की पुरावाही राहतो.

सविता-ताई, कळवा
मानपान हा खर्च नाही, दबाव आहे, असं मी मानते. साड्या-टोप्या दोन्हीकडून बंद करणं सगळ्यांत सोपं. ‘आमचं काही मागणं नाही, फक्त लग्न थाटात करून द्या’ हे मागणंच आहे. लग्नासाठी मागून घेतलेली रक्कम किंवा वस्तू 1961 च्या कायद्याने हुंडा ठरू शकते. मनाने दिलेल्या भेटींची त्याच कायद्याखालच्या 1985 च्या नियमांप्रमाणे यादी करा: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली वधूवरांच्या सह्या. आहेराची पाकिटं कोणाकडे जाणार हेही बैठकीतच ठरवा. ती नवराबायकोकडेच जावीत.