तुळजापूरचा कुळाचार : तारीख, परडी आणि पायऱ्या – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या दिराचं लग्न वैशाखात झालं. गोंधळ घरीच घातला, पण नव्या जोडीला घेऊन तुळजापूरला जाणं राहिलंय. तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी. कधी निघायचं, ओटीत काय काय घ्यायचं, तिथे पूजा कुणाकडून करून घ्यायची, हे सगळं आजेसासूबाई बघायच्या. त्या आता नाहीत. सासूबाईंना आठवलं तेवढं मी लिहून काढलंय, तरी बऱ्याच जागा रिकाम्या आहेत.

पहिलं, तारीख. दसरा झाला की दोन दिवसांत निघू, नवरात्राची गर्दी ओसरलेली असेल, असा दिरांचा हिशेब. सासूबाईंना मात्र देवी सिंहासनावर असतानाच जोडीच्या हातून अभिषेक आणि ओटी हवी आहे. शेजारच्या काकू म्हणतात, दसऱ्यानंतर लगेच देवी निद्रेत असते. मग जाऊन उपयोग काय?

दुसरं, आणि माझ्या जिवाला लागलेलं, परडीचं. देवघरात आजेसासूबाईंची परडी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली आहे. तिचा काठ एका बाजूने उसवलाय, तिथे त्यांनी खणाची पट्टी शिवून घेतलीय. आत कवड्यांची माळ. माळेचा दोरा हळदीने इतका माखलाय की मूळ रंग कळत नाही. मंगळवारी, शुक्रवारी त्या परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायच्या. आता ती थोरली सून म्हणून माझ्याकडे यावी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझी नोकरी आहे, घरी यायला रात्र होते. जोगवा माझ्याच्याने होईल का, ही भीती खरी आहे. अर्धवट करण्यापेक्षा न घेतलेली बरी, असं एक मन म्हणतं. पण ती परडी नुसती कोपऱ्यात पडलेली बघवत नाही हो.

सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि देऊळ खोलात आहे. पायऱ्यांचं कसं जमवावं? आणि आमचे पिढीजात पुजारी कोण, ते कसं शोधायचं?

प्रतिसाद

ताई, काकूंचं बरोबर आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून ती श्रमनिद्रा. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होतं. बुऱ्हाणनगरच्या पालखीतून देवीची देवळाभोवती प्रदक्षिणा होते आणि मग नगरकडून आलेल्या पलंगावर ती विसावते. ‘आई राजा उदो उदो’चा गजर आणि संबळ यांपुढे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आयुष्यात एकदा तरी तो सोहळा बघावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

त्या दिवसांत दर्शन असतं, पण ते पलंगावरचं. सिंहासनावरची पूजा हवी असेल तर कोजागरी होऊ द्या. कोजागरीला सोलापुराहून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा नेमक्या त्या दिवशी वयस्कर माणसाला नेऊ नका. एरवीही मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा.

पायऱ्या उतराव्याच लागतात. सकाळी लवकर पोचा, मध्ये मध्ये थांबा. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ वाटेतच आहेत, हातपाय धुण्याच्या निमित्ताने बसणं होतं. वृद्धांसाठी त्या दिवशी काय सोय आहे, ते उतरण्याआधीच मंदिराच्या कार्यालयात विचारून घ्या. सोलापूरपर्यंत रेल्वेने आलात तर पुढे साधारण 45 किलोमीटर, एसटी भरपूर.

पुजाऱ्यांसाठी मूळ गाव आणि आडनाव सांगा. राहतं शहर सांगून काही होत नाही. पुजारी घराण्यांकडे यजमानांच्या वह्या असतात, नशीब असेल तर पणजोबांचंही नाव निघेल. महाद्वाराजवळ जो पहिला हात धरेल त्याच्या मागे जाऊ नका, आणि पूजेची दक्षिणा आधी बोलून घ्या.

प्रतिसाद

मी आराध्याच्या, म्हणजे देवीच्या उपासकाच्या घरातली, म्हणून परडीबद्दल तेवढं सांगते. माझ्या आईने शाळेत शिकवत शिकवत परडी सांभाळली. रोज परडीला हळदकुंकू, मंगळवारी-शुक्रवारी दिवा आणि नैवेद्य. जोगवा वर्षातून एकदा, नवरात्रात, पाच घरी. एखाद्या वर्षी शेजारच्या पाचही दारांतून तिला पीठ मिळायचं, एखाद्या वर्षी घरच्याच पाच बायका वाढायच्या. देवीने कधी हजेरी घेतली नाही. तुम्हाला जेवढं झेपेल तेवढंच देवीपुढे बोला आणि मग ते मोडू नका. थोरलीनेच घ्यावी असंही आमच्यात नाही. जिला ओढ आहे तिने घ्यावी, आणि तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं ती ओढ तुम्हालाच आहे.

काठ फारच गेला असेल तर नवी परडी तुळजापुरातच घ्या. पुजाऱ्यांकडून देवीपुढे भरून घ्या आणि मग घरी आणा. जुनी आम्ही वाहत्या पाण्यात सोडतो. माळ मात्र तीच ठेवा, फक्त दोरा बदला.

धागा काढणारी

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. तारीख कोजागरीनंतरच्या आठवड्यातली, बुधवार धरलाय. मूळ गाव सासऱ्यांना विचारलं, त्यांनी तालुक्यासकट सांगितलं. परडी मी घेणार आहे. मंगळवारी-शुक्रवारी दिवा आणि नवरात्रात पाच घरं, एवढंच बोलणार. आता फक्त एक सांगा : कवड्यांची माळ तिथे कुणी ओवून देतं का, की घरूनच नव्या दोऱ्यात ओवून न्यायची?