जुन्या पाटाचं पाणी शहराला द्यायचंय, पिकाने आजवर किती वापरलं ते कसं काढायचं? (कोलोरॅडो)

ग्रीलीकर_१
नमस्कार मंडळी, इथे जलसंपदावाले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात एका कन्सल्टन्सीत नवीन लागलोय. एका शेतकऱ्याचे डिच कंपनीत शेअर्स आहेत, म्हणजे नदीवरून निघणाऱ्या पाटाच्या पाण्यात त्याचा हिस्सा. ते शेअर्स एका शहराला विकायचेत आणि त्यासाठी वॉटर कोर्टात हक्कबदलाचा अर्ज करायचाय. शेतात लसूणघास, मका आणि पूर्वी शुगरबीट. मी पेनमन-माँटीथने (रोजच्या हवामानावरून पिकाला किती पाणी लागतं ते काढायचं सूत्र) पिकाची गरज काढली तर ती पाटाने शेतावर आलेल्या पाण्याहून बरीच जास्त येतेय. शेतकरी म्हणतो मी गेटवर, म्हणजे नदीतून पाटात पाणी घेतात तिथे, जेवढं घेतलं तेवढं सगळं माझं. कुठला आकडा धरायचा? आणि हवामानाचा रोजचा डेटा १९९० च्या दशकापासूनच मिळतोय, त्याआधीची चाळीसेक वर्षं कशी भरायची?

डेन्व्हर_पाणीवाला
दोन्ही आकडे नाही धरायचे. पिकाची गरज म्हणजे वापर नव्हे, आणि गेटवर घेतलं तेही वापर नव्हे. कोर्टाला हवं असतं ते पिकाने खरोखर प्यायलेलं आणि हवेत गेलेलं पाणी, बाकीचं जमिनीत मुरून किंवा वाहून पुन्हा नदीला मिळतं आणि त्यावर खालच्या लोकांचे हक्क उभे असतात. त्यांना धक्का लावून बदल मिळत नाही, म्हणून तर हे सगळं गणित.

समजा १२० एकर शेत, गेटवर शेअरचं ३०० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे साधारण १२३३ घनमीटर). पाटात २० टक्के झिरपलं तर शेतावर आले २४०. सरी-वाफ्याने दिलं आणि कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पिकाच्या मुळाशी १३२. आता पावसाचा उपयोगी वाटा वजा करून पिकाची गरज समजा १.८ फूट, म्हणजे १२० एकराला २१६. दोघातलं कमी ते धरायचं, १३२. उरलेले १०८ एकर-फूट रिटर्न फ्लो, ते शहराने नदीला त्याच वेळेला आणि त्याच जागी परत द्यायचे. आणि हे वर्षाचं एकदम करू नकोस, महिन्या-महिन्याने कर, कारण मे-जूनला पाणी भरपूर आणि ऑगस्टला गेट बंद असतं, वर्षाच्या बेरजेत हे झाकलं जातं आणि आकडा फुगतो. मातीत साठलेली ओल पुढच्या महिन्यात वापरली जाते तेही हिशेबात घे.

जुन्या वर्षांसाठी ब्लेनी-क्रिडल हे साधं सूत्र वापरतात, त्याला महिन्याचं सरासरी तापमान पुरतं आणि ते जुनं मिळतं. पण तो तसाच लावू नकोस. उंचावर रात्री थंड आणि ऊन कडक, हवा कोरडी, म्हणून नुसत्या सरासरी तापमानावर केलेला हिशेब वापर कमी दाखवतो. ज्या वर्षांचा रोजचा डेटा आहे त्यात पेनमन-माँटीथशी जुळवून पिकाचे गुणांक (सूत्राच्या उत्तराला ज्याने गुणायचं ते आकडे) काढ आणि ते घेऊन मागे जा. काळ निवडताना ओली, कोरडी, मधली सगळी वर्षं आली पाहिजेत, २००२ चा दुष्काळ नको म्हणून गाळलास तर समोरचा एक्स्पर्ट तिथेच धरेल.

मुळा_कालवा_निवृत्त
बाळा, मी आयुष्यभर कालव्यावर काम केलंय, तुझ्याकडची पद्धत वेगळी पण दुखणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे नमुना ७ च्या अर्जावर पीक आणि क्षेत्र लिहिलेलं असायचं, पण शेतात प्रत्यक्ष काय उभं आहे ते पाटकऱ्यालाच ठाऊक. आमच्याकडे पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायचा कायदा २००५ ला आला, तोवर हिशेब बहुतेक पीक आणि क्षेत्रावरच चालायचा. तुमच्याकडे गेटवर पाणी मोजण्याची नोंद जुनी आहे ही मोठी गोष्ट. पण कागदावर विसंबू नकोस, क्षेत्र पडताळ. विमानातून काढलेले जुने फोटो मिळतात ना तिकडे? त्यात भिजलेलं आणि कोरडं शेत स्पष्ट दिसतं, १२० एकर लिहिलेले आणि भिजायचे ९५, असं खूप असतं.

ग्रीलीकर_१
सर, मिळतात, आणि तुम्ही म्हणता तसंच झालंय, एका कोपऱ्यातलं शेत फोटोत कधीच हिरवं दिसत नाही, तिथे चढ आहे म्हणून पाणी पोचत नसावं. पण अजून एक अडचण, शेतात विहीरही आहे. उपग्रहावरून पिकाचा वापर सांगणारं ओपनईटी बघितलं, त्याने हा पेच सुटेल का?

डेन्व्हर_पाणीवाला
नाही, उपग्रहाला पीक किती प्यायलं ते कळतं, कुठलं पाणी प्यायलं ते कळत नाही. पाट, विहीर, पाऊस सगळं एकत्र. विहिरीचा उपसा वीजबिलातून किंवा पंपाच्या नोंदीतून काढ. साधारण रीत अशी की आधी पाटाचं पाणी संपवायचं आणि कमी पडलं तर विहीर. वापराची वाटणी त्याच क्रमाने कर आणि ती का तशी केली ते रिपोर्टात लिही. ओपनईटी अलीकडच्या वर्षांत तुझं मॉडेल तपासायला छान, बदल मागायला एकटं पुरणार नाही.

फोर्टकॉलिन्सची_मेघना
लसूणघासचं एक सांगते, कुणी लक्षात घेत नाही. विकल्यावर शेत कोरडं ठेवायची अट येते, पण लसूणघासची मुळं खोल जातात. भूजल वर असेल तर पाट बंद झाला तरी ते दुसऱ्या वर्षी हिरवंगार उभं. मग तिथला वापर शहराच्या वाट्यातून वजा होतो. आधीच नांगरून काढायचं आणि जमिनीवर स्थानिक गवत लावायचं ठरवून करारात घाला. आर्कान्सा नदीवर क्रॉली काउंटीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाणी शहरांना गेलं आणि शेतं नुसती उघडी पडली, अजूनही तिथे जाऊन बघितलं की तण आणि धूळ. शेतकऱ्याला तेही सांगा प्लीज, नुसता चेकचा आकडा नको.

ग्रीलीकर_१
सांगतो. उद्या डिच कंपनीच्या ऑफिसात जुनी वही बघायला जातोय, गेटची रोजची नोंद त्यात पेन्सिलीने आहे म्हणे.

डेन्व्हर_पाणीवाला
प्रत्येक पानाचा फोटो काढ, आणि शेअरप्रमाणे वाटणी कोणत्या साली बदलली ते विचार. राखीव साठ्यातून सोडलेलं पाणी नदीच्या पाण्यात मिसळून लिहिलंय का तेही बघ, नाहीतर तेच पाणी दोनदा मोजलं जाईल.