कॉइनमधून घरबसल्या सगळ्यांना पगार: सांगलीत कोण घेणार ही नाणी?

कृष्णाकाठ
परवा विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर पुतण्याशी जुंपली. त्याचं म्हणणं, सट्ट्याची क्रिप्टो (इंटरनेटवरचं आभासी चलन) वेगळी आणि समाजासाठी काढलेली वेगळी; दुसरीतून सगळ्यांना काम न करताही ठरावीक पगार, म्हणजे बेसिक इन्कम, देता येईल. फ्रान्समध्ये २०१७ पासून 'जून' नावाचं चलन आहे. त्यात प्रत्येक सभासदाच्या खात्यात रोज सारखीच नाणी पडतात, फक्त तुम्ही खरे आहात अशी ग्वाही आधीच्या पाच सभासदांनी द्यायची. चॅटजीपीटीवाल्या सॅम ऑल्टमनचं वर्ल्डकॉइन जुलै २०२३ मध्ये आलं. तिथं चेंडूएवढ्या यंत्रासमोर बुबुळ स्कॅन करायचं आणि कॉइन घ्यायचे.

मी एवढंच विचारलं, पैसा कुणाच्या खिशातून? आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. पुढे योजना राज्यभर गेली तेव्हा त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. आजही नोकरदाराच्या पगारातून वर्षाला अडीच हजार कापले जातात. खिसा कुणाचा, हे स्पष्ट होतं. इथं कुणाचा?

कुपवाडकर
काका, रोहयोत खडी फोडल्यावर मजुरी मिळायची. बेसिक इन्कम म्हणजे माणूस आहे म्हणून मिळणारं उत्पन्न, तुलनाच चुकली. आणि खिशाचं म्हणाल तर बँक कर्ज देते तेव्हाही खात्यात पैसा नव्यानेच लिहिला जातो. तो आधी पोचतो ज्याच्याकडे तारण आहे त्याच्याकडे. 'जून'वाले म्हणतात, नवा पैसा लिहायचाच आहे तर सगळ्यांच्या नावावर सारखा लिहा. यात वेडेपणा काय?

गलाईवाला
मी विट्याकडचा, सध्या कोइमतूरात. आमी सोनं गाळतो. गिऱ्हाईक पिवळं काहीबी घिऊन येतंय, टंच, म्हंजी सोनं किती चोख, ते काढल्याबिगर आमी भाव सांगत न्हाई. ह्या वर्ल्डकॉइनचा टंच केनियात निघाला. नैरोबीत रांगा लागल्या, आन् २ ऑगस्ट २०२३ ला सरकारनं नोंदणी थांबवली. रांगेतल्या कितीतरी जणांनी कॉइन विकून शिलिंग, म्हंजी तिथलं चलन, केलं. म्हंजी त्यांना पायजे होतं शिलिंगच. आन् इकत घेणारा कोण? उद्या भाव वाढंल म्हणून बसलेला. गरिबाचा पगार सट्टेवाला देणार, आन् त्यो झोपला की पगारबी झोपला!

कृष्णाकाठ
टॅक्सचंही सांगा त्या पोरांना. एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, शिवाय एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

कुपवाडकर
तुम्ही सगळे वर्ल्डकॉइनलाच झोडताय. ते मलाही पटत नाही, डोळे कंपनीला कशाला द्यायचे? माझा मुद्दा पाच जणांच्या ग्वाहीचा आहे. तो तर आपला बचत गटच झाला की.

मिरजेची_ताई
बचत गटाचं नाव निघालं म्हणून लिहिते, तेरा वर्षं चालवतेय. ग्वाही आम्हीही देतो, पण देतो ओळखीच्या बाईला. गळीत हंगामात बीडहून ऊस तोडायला आलेल्या बाईला इथं पाच ओळखीचे कुठून मिळणार? नवऱ्यानं टाकलेल्या बाईसाठी तर तिचे नातेवाईकही सही करायला कचरतात. पगाराची खरी गरज ज्यांना, त्याच दाराबाहेर.

आणि कॉइनच कशाला हवा? मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिन्याला दोनशे, पोराला शंभर, साधे रुपये. पुढे ते तीनशे आणि दीडशे केले. लाडकी बहीणचे दीड हजारही रुपयातच येतात, वाणी कुरकुर न करता घेतो. (ते वेळेवर येतात का, हा वेगळा धागा काढा!)

कुपवाडकर
ताई, बाहेरच्या बाईचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण वाण्याचं पटलं नाही. हरिपूरच्या पेवात हळद जमिनीखाली पडून असायची आणि वर सांगलीत तिचे सौदे व्हायचे. माल डोळ्यांनी न बघता, शब्दावर. चलन असंच विश्वासावर उभं राहतं.

गलाईवाला
आरं भावा, पेवात हळद हुती की!

कुपवाडकर
आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा, दादा?