शब्दचर्चा : व्हिडिओ गेममधल्या जिवाचा ‘वेगळा रंग’ कसा नोंदवावा?

शंका : अंधेरीत आम्ही चौघे मिळून मोबाइलसाठी एक मराठी गेम तयार करत आहोत. त्यात पकडता येणाऱ्या प्रत्येक जिवाची एक दुर्मीळ, निराळ्या रंगाची आवृत्ती आहे. मुंबईतली मुले अशा जिवाला सरसकट ‘शायनी’ म्हणतात. मात्र माहितीच्या चौकटीत मराठी शब्द असावा, असा आमचा आग्रह आहे. ‘रंगभेद’, ‘रंगांतर’, ‘चमकदार’ आणि ‘वाण’ असे चार पर्याय समोर आले आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : शब्द ठरवण्याआधी रंगाबरोबर त्या जिवाचे गुणही बदलतात की नाही, हे ठरवावे लागेल, कारण गेमच्या जगात वेगळा रंग तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. 1986 सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी गेममध्ये निळा स्लाइम आणि लाल स्लाइम यांचे चित्र एकच आहे, पण ते दोन स्वतंत्र शत्रू आहेत, त्या काळी साठवणुकीची जागा तुटपुंजी असल्याने एकाच चित्राला दुसरी रंगसंगती देऊन नवा शत्रू उभा करणे ही सोय होती. या तंत्राला ‘खांदेपालट’च्या चालीवर ‘रंगपालट’ म्हणता येईल, परंतु तो चित्रकाराच्या कामाचा शब्द आहे, खेळणाऱ्याला दाखवायचा नव्हे. दुसरी गोष्ट पोकेमॉन या जीव पकडण्याच्या गेममालिकेतली. 1999 साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तळ्यात भेटणारा लाल गायराडॉस हा एरवीच्या निळ्या गायराडॉसचाच भाईबंद आहे; त्याची जात तीच, त्याला येणारे डावही तेच, फक्त रंग निराळा. तिसरी गोष्ट म्हणजे पोकेमॉनमधलीच, प्रदेशानुसार बदलणारी रूपे : मूळचा तांबूस वल्पिक्स अग्निप्रकारचा, तर 2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’मधला अलोला बेटांवरचा पांढरा वल्पिक्स हिमप्रकारचा आहे. तुमची गरज दुसऱ्या गोष्टीची आहे, असे गृहीत धरून पुढे लिहितो.

‘रंगभेद’ हा शब्द ‘पाठभेद’च्या जोडीला चपखल बसला असता, कारण पाठभेदात ओवी तीच राहते आणि एखादा शब्द तेवढा वेगळा असतो. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाने तो शब्द असा व्यापला आहे की, मुलांच्या गेममध्ये तो कानाला टोचेल. ‘रंगांतर’ला माझी हरकत वेगळी आहे : भाषांतर, धर्मांतर, स्थलांतर या शब्दांच्या संगतीत तो वाचला की, आधी एक रंग होता आणि मग दुसरा झाला, असे वाटते. सरड्याला तो शोभेल. तुमचा जीव मात्र भेटतो तेव्हाच त्या रंगाचा असतो. ‘चमकदार’ तर दिशाभूलच करतो. पोकेमॉनमध्ये असा जीव समोर येताना क्षणभर चांदण्या चमकतात एवढेच, त्याचे अंग काही लकाकत नाही. (शिवाय मुंबईच्या बोलीत ‘शायनिंग मारणे’ म्हणजे काय, हे सांगायला नको.)

शंकाकर्ता : मग सरळ रंगाचेच नाव लिहावे का? ‘लाल’, ‘सोनेरी’ असे?

उत्तर : पोकेमॉनमधल्या सोनेरी मॅजिकार्पपुरते ते चालेल. पण पिकाचूची दुर्मीळ आवृत्ती नेहमीच्या पिवळ्यापेक्षा जराशी गडद, एवढाच फरक असतो. तिथे कोणता रंग लिहिणार? चॅरिझार्डची ती आवृत्ती ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये जांभळट होती आणि गेमच्या पुढच्या पिढीत काळी झाली, म्हणजे रंगाचे नाव लिहिले असते तर नोंद बदलावी लागली असती. जपानीत अशा जिवाला ‘इरो-चिगाइ’ म्हणतात, म्हणजे साध्या शब्दांत ‘वेगळ्या रंगाचा’. दादरच्या दुकानात आपण ‘यातच वेगळा रंग दाखवा’ म्हणतो, तेव्हा पोत तोच, काठ तोच, हे दुकानदाराला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून माझी पसंती ‘वेगळा रंग’ला आहे.

आणखी एक मत : ‘वाण’ इतक्या लवकर सोडू नये, असे मला वाटते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंगच, आणि गुण त्याहून वेगळा मानलेला आहे. सरांनी मांडलेला फरक म्हणीत आयताच सापडतो.

उत्तर : म्हण अगदी योग्य जागी आठवली, ताई. अडचण एवढीच की, आजचा वाचक ‘वाण’ म्हटल्यावर भाताचे किंवा कापसाचे वाण समजतो, आणि इंद्रायणीचा वाण निवडणारा शेतकरी वास आणि चव यांसाठीच तो निवडतो. आजच्या अर्थाने वाण गुणांसकट येतो. तेव्हा तुमच्या गेममध्ये पुढेमागे अलोलासारखी प्रादेशिक रूपे आलीच, तर त्यांच्यासाठी तो राखून ठेवावा.

शंकाकर्ता : ‘वेगळा रंग’ पटले, पण आमचे काही जीव पुल्लिंगी आहेत, काही स्त्रीलिंगी. ‘वेगळ्या रंगाचा’ आणि ‘वेगळ्या रंगाची’ यांची निवड प्रोग्रॅमला कशी कळणार?

उत्तर : विशेषण जिवाला न जोडता रंगाला जोडावे. माहितीच्या चौकटीत ‘रंग : नेहमीचा’ किंवा ‘रंग : वेगळा’ असे लिहिल्यास जीव कोणत्याही लिंगाचा असो, रंग पुल्लिंगीच राहतो. यादीत नावापुढे लिहायचे असेल, तर ‘वेगळ्या रंगात’ असे लिहावे. तेही कुठे बदलत नाही. फक्त ‘सापडला’, ‘सापडली’ अशी क्रियापदे उरतात. तिथे ‘वेगळा रंग सापडला!’ असा संदेश दिला, की तीही अडचण राहत नाही.